एका दिवसाला एकच नाव

नलिनी गेल्याचं गुणाजी धुरीला कळलं, तेव्हा तो मानखुर्दच्या खाडीत पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभा होता. अठ्ठ्याऐंशी सालचा जानेवारी, मंगळवार, दुपारचे दोन वाजायला आलेले. सकाळी सहापासून दर दोन तासांनी खाडीच्या पाण्याची एक बाटली भरायची, असं त्या दिवसाचं काम होतं. चार बाटल्या झाल्या होत्या.

लॅबचा ड्रायव्हर दादू जीप बांधावर लावून तिथूनच ओरडला, "धुरी, वर ये!"

गुणाजीने हात केला, थांब म्हणून. दोनची बाटली बाकी होती.

तेव्हा दादू चपला हातात घेऊन चिखलात उतरला. दादूला चिखलाची भारी किळस. अकरा वर्षांत तो बांध सोडून कधी खाली आला नव्हता. त्याचा पाय चिखलात पडलेला बघूनच गुणाजीला समजायला हवं होतं.

"मॅडमला लॅबमध्ये चक्कर आली," दादू म्हणाला. "हॉस्पिटलात नेलं."

"मग?"

दादूने चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

"मग काय, दादू?"

"गेल्या रे."

गुणाजीने दोनची बाटली भरली. मागाहून लोकांनी याचे दोन अर्थ लावले. काही म्हणाले, बिचाऱ्याला धक्का बसला. काही म्हणाले, माणूस आहे की दगड. खरं एवढंच होतं, की हात आपोआप चालले. बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली, वही उघडली आणि वेळ लिहिली. वहीच्या वरच्या ओळीत सकाळीच लिहून ठेवलं होतं : नमुना घेणार, गु. रा. धुरी. त्या दिवशी ते खरं होतं. पुष्कळ दिवशी नव्हतं, आणि ही गोष्ट त्या दिवसांची आहे.

मुलुंडला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चंद्रप्रकाश साहेबांची लॅब होती. कारखान्यांचं सांडपाणी तपासून द्यायचं, धुराड्याची हवा तपासून द्यायची, अशी कामं. पुढे भोपाळ झालं, मग शहाऐंशीचा कायदा आला, आणि नवा कारखाना काढायचा तर आधी अहवाल मागायला लागले : इथे हा कारखाना आला तर इथल्या पाण्याचं, हवेचं आणि माणसांचं काय होईल? तसले अहवाल साहेब आधीपासूनच करायचे, पण आता रांग लागली.

गुणाजी तिथे बहात्तरपासून. बाप लालबागच्या गिरणीत, गाव मालवणकडचं. गुणाजी इंटर सायन्सला दोनदा आपटला आणि बाटल्या भरायला लागला. नलिनी शहात्तरला आली, बी.एस्सी. होऊन, केमिस्ट म्हणून. दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं. मूलबाळ झालं नाही. ऑफिसात सगळे त्याला धुरी म्हणायचे, म्हणून तीही म्हणायची. लग्नानंतर घरी 'अहो' सुरू झालं, पण चेष्टा करायची असली की पुन्हा "ओ धुरी".

चेष्टेचा विषय बहुतेक एकच असायचा : बुडबुडा.

पाण्यात प्राणवायू किती आहे हे मोजायचं तर तो जागेवरच बांधावा लागतो. लॅबपर्यंत न्याल तर आकडा बदलतो. काचेची बाटली पाण्याखाली काठोकाठ भरायची, त्यात दोन औषधं सोडायची आणि आत हवेचा कणही न राहील असं बूच बसवायचं. मग खाली गाळ बसतो. गाळ तपकिरी, तर पाण्यात प्राणवायू आहे. गाळ पांढरा, तर काही नाही, पाणी मेलेलं. आत एवढासा जरी बुडबुडा राहिला, तरी त्यातली हवा गाळाला रंग आणते आणि आकडा खोटा होतो.

गुणाजीच्या बाटलीत बुडबुडा राहायचा. दर वेळी नाही, पण राहायचा. त्याची बोटं जाड होती, बूच बसवताना दम धरवत नसे. नलिनीच्या बाटलीत कधी राहिला नाही. ती बाटली उलटी करून उन्हात धरायची, मग त्याची घ्यायची, आणि म्हणायची, "ओ धुरी, तुमच्या बाटलीत मासा सोडला तर बाळंत होईल."

तो हसायचा. पण मनात खुपायचं. सोळा वर्षं चिखल तुडवला याने आणि हात चांगला तिचा, जी एसीत नाही तरी पंख्याखाली बसते.

ती साइटवर यायला लागली ती रविवारी. साहेबांचा तेव्हा नियम होता, बायकांनी नाल्यावर जायचं नाही, काही झालं तर उत्तर कोण देणार. म्हणून हे दोघे रविवारचं काम मागून घ्यायचे. ती डबा घ्यायची, टोपी घ्यायची, औषधं स्वतः बनवलेली घ्यायची. बाटली ती भरायची, आकडे ती लिहायची. तो पेटी उचलायचा आणि बाटल्या एकेक हातात द्यायचा. वहीच्या वरच्या ओळीत मात्र तो लिहायचा : नमुना घेणार, गु. रा. धुरी. सोबत, एक मदतनीस.

पहिली दोन-तीन वर्षं त्याला कारण होतं. पुढे साहेबांना कळलं. साहेब म्हणाले, "अरे, मला क्या, काम चांगला होतो ना? जाऊ दे मॅडमला." कारण संपलं. गुणाजी 'एक मदतनीस' लिहीतच राहिला. नलिनीनेही कधी हरकत घेतली नाही, कारण तेव्हा त्या ओळीला कोणी विचारत नव्हतं.

विचारणारं मंडळ सत्त्याऐंशी साली निघालं.

अहवाल लिहिणारे चिक्कार झाले होते. कोणीही उठायचा आणि तज्ज्ञ म्हणून सही ठोकायचा. म्हणून काही प्राध्यापक, काही लॅबवाले एकत्र आले आणि पर्यावरण परिणाम तपासणाऱ्यांचं एक मंडळ काढलं. घाटकोपरला प्राध्यापक नंदकुमार राहायचे, त्यांच्या पुढच्या खोलीत ऑफिस. मंडळाने चार पायऱ्या ठरवल्या. सर्वांत खाली सहायक, ते कोणालाही होता येई. त्यावर असोसिएट : पदवी नसली तरी चालेल, पण साइटवरचे एकशे वीस पूर्ण दिवस हवेत. त्यावर मेंबर : विज्ञानाची पदवी, तीन अहवालांत काम आणि साइटचे साठ दिवस. सर्वांत वर फेलो, ते मंडळच ठरवणार.

दिवस मोजायचे वहीवरून, आणि त्याला एक सक्त नियम होता. एका दिवसाला एकच नाव. साहेब लोक जीपमध्ये बसून राहतात आणि दिवस आपल्या नावावर लावतात, हे नंदकुमारांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून वहीत 'नमुना घेणार' म्हणून ज्याचं नाव, दिवस त्याचा. मदतनिसाला काही नाही. नोंद चुकली असेल, तर ज्याने वही लिहिली त्यानेच, स्वतःच्या हाताने, एकेका दिवसाचा वेगळा दुरुस्तीचा कागद लिहून द्यायचा.

नलिनीने मेंबरचा फॉर्म ऑक्टोबरात भरला आणि जेवताना विषय काढला.

"दिवसांचं तेवढं तुम्हाला लिहून द्यावं लागेल."

"कसलं?"

"मदतनीस कोण होता ते."

"बघू."

"बघू काय? मी मोजलेत. चौसष्ट होतात."

"अगं, आता वह्या उकरायच्या म्हणजे साहेब काय म्हणतील?"

"साहेबांना चार वर्षांपासून ठाऊक आहे. तुमचंच काय ते सांगा."

तो म्हणाला, "माझं काय? मला काय पडलंय?" आणि भात मागितला.

पण त्याला पडलं होतं. त्यानेही मोजले होते, तिच्या आधी. त्याच्या नावावर एकशे एकतीस दिवस होते. असोसिएटला एकशे वीस लागत. तिचे चौसष्ट गेले की उरले सदुसष्ट. म्हणजे ती तिसऱ्या पायरीवर आणि तो सगळ्यांत खाली, कॉलेजच्या पोरांबरोबर. यादी छापून निघणार होती, पहिली यादी. तिच्यात बायकोचं नाव वर आणि नवऱ्याचं खाली, की नाहीच?

तिने नोव्हेंबरात दोनदा विचारलं. डिसेंबरात एकदा. एकदा चिडून म्हणाली, "सरळ सांगा ना, द्यायचं नाही. माझ्या हातातली बाटली चालते, नाव चालत नाही!" तो म्हणाला, "तुला काय कमी आहे? पदवी आहे, टेबल आहे. मला ही एक वही आहे." त्यानंतर तिने विचारणं सोडलं. जानेवारीचे पंधरा-सोळा दिवस घरात या विषयावर शब्द निघाला नाही. गुणाजीला बरं वाटलं. त्याला वाटलं, सुटलो.

आणि मंगळवारी दादू चिखलात उतरला.

लॅबमध्ये शोकसभा झाली. इस्टेटमधले बरेच लोक आले. नंदकुमार सर घाटकोपरहून आले आणि चांगली दहा मिनिटं बोलले. ते नाहूरच्या अहवालाबद्दल बोलले.

तो अहवाल पंच्याऐंशीचा. नाहूरच्या मागच्या नाल्यावर एका रंगाच्या कारखान्याला आपला पसारा वाढवायचा होता. नाला अजून सांडपाणी झेपवू शकेल का, एवढाच प्रश्न. लागोपाठ चार दिवस हे दोघे तिथे होते. पहिल्या दिवशी गुणाजीने आपली बाटली भरली, आकडा काढला, वहीत लिहिला : दोन पॉइंट एक. म्हणजे नाल्यात थोडा जीव आहे, झेपवेल. नलिनीने शेजारीच आपली बाटली भरली. तिचा गाळ दुधासारखा पांढरा. तिने त्याची बाटली उन्हात धरली, त्याच्या आकड्यावर एक रेघ मारली आणि वर शून्य लिहिलं. खोडायचं ते एका रेघेने, खालचं वाचता आलं पाहिजे, असा लॅबचा नियम. चार दिवस तसंच झालं. दोन पॉइंट एक, एक पॉइंट आठ, दोन पॉइंट चार, एक पॉइंट नऊ. चारही खोडलेले, चारींवर शून्य. केमिस्ट म्हणून नलिनीच्या सहीने अहवालात गेलं की नाला मेलेला आहे, आता थेंबही झेपवणार नाही. कारखान्याला आधी स्वतःचं पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा बांधावी लागली.

"चार शून्यं," नंदकुमार सर सभेत म्हणाले, "पण ती लिहायला हात किती स्वच्छ लागतो! दुसऱ्या कोणी दोन लिहिले असते आणि आपण सगळे फसलो असतो."

दुसरा कोणी पहिल्या रांगेत बसला होता.

बायको जाऊन आठ दिवस झालेले. दुःख होतं, डोळे लाल होते, हे सगळं खरं. आणि त्याच वेळी, त्याच छातीत, असूया जळत होती, हेही खरं. सभा संपल्यावर कोणीतरी नंदकुमारांशी ओळख करून दिली, "सर, हे मॅडमचे मिस्टर." सरांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. सोळा वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला एवढंच नाव राहिलं होतं.

तेरावं झाल्यावर लता घरी आली. लता म्हणजे नलिनीच्या हाताखालची, घाटकोपरची, शिकत शिकत काम करणारी. नलिनीला ताई म्हणायची, म्हणून याला भाऊजी. तिच्या हातात मंडळाचं पत्र होतं, लॅबच्या पत्त्यावर आलेलं.

"भाऊजी, ताईंचा फॉर्म त्यांनी रद्द नाही केला," ती म्हणाली. "मुदतीच्या आत भरला होता ना, तर गेल्यावरही पहिल्या यादीत नाव घालणार आहेत. फक्त साइटचे दिवस शून्य दाखवलेत. दुरुस्ती एकतीस मार्चपर्यंत पाठवा म्हणतात."

गुणाजीची थोरली बहीण रुक्मिणी गावाहून आली होती. ती आतून म्हणाली, "आता गेलेल्या माणसाक कसली रे पायरी? टाकून दी तो कागद."

"मावशी, असं नाही," लता म्हणाली. "ताईंनी किती वाट बघितली त्याची."

"बघतो," गुणाजी म्हणाला. त्याचं त्यालाच ऐकू आलं, की हा तोच शब्द आहे.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "धुरी, बस. हे बघ, असोसिएटचा फॉर्म. तू भर ना यार. डिग्री नाही तर नाही. एकशे एकतीस दिवस! अख्ख्या मुलुंडमध्ये कोणाकडे आहेत? आपल्या लॅबची पण शान आहे. मॅडम तर गेली, आता तूच."

आता तूच. हे शब्द गुणाजी दोन दिवस मनात घोळवत होता. कोणाला दुखवायचं नव्हतं. ती तर गेली. तिला यादी वाचता येणार नव्हती. आपल्याला येणार होती. त्याने फॉर्म भरला. फॉर्मला वानगीदाखल तीन दिवसांची पानं झेरॉक्स करून जोडायची होती. त्याने चांगली, स्वच्छ पानं निवडली, मानखुर्दची दोन आणि एक भांडुपच्या खाणीजवळच्या तळ्याचं. झेरॉक्स करून आणली आणि रविवारी सकाळी घाटकोपरला गेला.

नंदकुमार सर लुंगी-बनियनवर होते, घाईघाईने सदरा घालून आले. चहा सांगितला. फॉर्म वाचला, मान डोलावली. "पदवी नसताना एवढे दिवस! असे लोक यादीत आले पाहिजेत, धुरी. त्याचसाठी ही पायरी ठेवली." मग पानं बघितली. बघत राहिले.

"आकडे कोणी लिहिले?" त्यांनी विचारलं. "वरची ओळ तुमच्या अक्षरात आहे. खाली वेगळं अक्षर दिसतंय."

गुणाजीने पान बघितलं. हजारदा बघितलेलं पान. वर त्याचं वाकडंतिकडं नाव, आणि खाली रांगेत उभे केल्यासारखे आकडे.

"मदतनिसाने," तो म्हणाला.

"अरे वा! कोण हा? दर तासाचं तापमान लिहिलंय, वारा लिहिलाय, भरती-ओहोटी लिहिलीय. हे कोणी सांगून करत नाही. आहे का अजून तुमच्याकडे? त्याने अर्ज केलाय?"

चहा आला होता. गुणाजीने बशीत ओतला.

"नाही," तो म्हणाला. "तो सोडून गेला."

"कुठे?"

"माहीत नाही, सर. गेला."

"काय हो," नंदकुमार हळहळले. "असा माणूस हातचा जाऊ द्यायचा? धरून ठेवायला हवा होता तुम्ही."

गुणाजीने बशी खाली ठेवली. सदऱ्यावर चहा सांडला होता. तो म्हणाला, "सर, एक पान घरी राहिलं. फॉर्म पुन्हा घेऊन येतो." आणि सरांच्या हातातून कागद काढून घेतले. जवळजवळ ओढलेच.

रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं नाही, ते बरं झालं. बायकोला त्याने स्मशानात अग्नी दिला होता. पण 'तो सोडून गेला' असं म्हणून तिला जे केलं, ते त्याहून वाईट, असं त्याला वाटत होतं. आणि कोणासाठी? छापील कागदावरच्या एका ओळीसाठी.

पुढच्या रविवारी त्याने लॅबमधून वह्या घरी आणल्या, सतरा वह्या, आणि दुरुस्त्या लिहायला बसला. लता मदतीला आली. ती तारखा शोधून द्यायची, हा लिहायचा. दुरुस्तीच्या कागदाचा नमुना लताने नंदकुमारांकडून आणला होता : तारीख, ठिकाण, नमुना घेणाऱ्याचं खरं नाव, मदतनिसाचं नाव, वही लिहिणाऱ्याची सही, आणि सोबत वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स.

पहिल्याच कागदावर तो अडला.

"मदतनिसाचं नाव कशाला?" तो म्हणाला.

"फॉर्मात आहे ना," लता म्हणाली. "वहीत एक मदतनीस लिहिलाय. ताई जर नमुना घेणार, तर मग मदतनीस कोण?"

"ते आपोआप कळत नाही का?"

"कळतं की," लता म्हणाली. "पण लिहायचं तुम्हालाच आहे."

पोरगी तोंडाने फटकळ होती. नलिनीनेच तिला तसं केलं होतं. गुणाजीने लिहिलं : नमुना घेणार, सौ. नलिनी गुणाजी धुरी. मदतनीस, गु. रा. धुरी. आणि खाली सही केली.

एकदा लिहिणं सोपं होतं. वीसदा लिहिताना मान आखडली. चाळीसदा लिहून झालं, तेव्हा जुना राग पुन्हा डोकं वर काढायला लागला. पेटी कोणी उचलली? नाल्याच्या काठावर आधी पाय टाकून जमीन धरते का ते कोणी बघितलं? एकदा तिचा पाय रुतला, तेव्हा पोटावर झोपून तिला कोणी ओढून काढलं? ते कुठल्या रकान्यात लिहायचं? मदतनीस, गु. रा. धुरी. मदतनीस, गु. रा. धुरी. मंडळाने माणसाला चार पायऱ्या दिल्या, पण त्याच्यासाठी शेवटी हाच शब्द उरला, आणि तो त्यानेच पहिल्यांदा वहीत घातला होता.

तो हे लताला बोलून दाखवणार होता. मग वाटलं, नलिनी आठ वर्षं हेच म्हणू शकली असती आणि म्हणाली नाही. तो लिहीत राहिला.

तीन रविवार लागले. साठ कागद झाले तेव्हा त्याने पेनाचं टोपण लावलं.

लताने मोजले. पुन्हा मोजले. "भाऊजी, चार कमी आहेत. नाहूर राहिलं."

"साठच लागतात."

"लागतात साठ. ताईंचे चौसष्ट होते."

"मेंबरला साठ लागतात, लता. साठ दिले. आणखी कशाला?"

"मग ते चार तुम्हाला कशाला?" ती म्हणाली. "तुमचे आता एकाहत्तर राहतात. असोसिएट तर त्यातही होत नाही."

एकाहत्तर काय आणि सदुसष्ट काय, त्याच्या उपयोगाचं दोन्ही नव्हतं. पण नाहूरची पानं द्यायची म्हणजे खोडलेले आकडे द्यायचे. मंडळातले पाच-सहा जण ती पानं टेबलावर पसरून बघणार. नमुना घेणार नलिनी, तर मग रेघेखालचे दोन पॉइंट एक कोणाचे? शून्य जिथे होतं तिथे दोन कोणी लिहिले? नंदकुमार सरांना लगेच समजेल, सभेत ज्या दुसऱ्या कोणाबद्दल ते बोलले, तो कोण.

"पुढे बघू," तो म्हणाला.

लताने साठ कागद पिशवीत घातले आणि स्वतः नेऊन दिले, मुदतीच्या दोन दिवस आधी.

यादी जूनमध्ये छापून आली. मेंबरच्या रकान्यात, अकराव्या नंबरला : कै. सौ. नलिनी गुणाजी धुरी, मुलुंड. शेजारी साइटचे दिवस, साठ. साहेबांनी यादी केबिनमध्ये काचेखाली लावली आणि पेढे वाटले. मग गुणाजीला बाजूला घेऊन म्हणाले, "धुरी, तुझा नाव कुठे आहे? एकशे एकतीस होते ना?"

"नव्हते, साहेब," गुणाजी म्हणाला. "मोजण्यात चूक झाली होती."

दादूने पाठीवर थाप मारली, "मॅडम झकास, अकराव्या नंबरला! तुला अभिमान वाटत असेल ना रे?"

"वाटतो," तो म्हणाला. आणि वाटतही होता. पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो केबिनमध्ये दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा त्याने मेंबरच्या रकान्याआधी असोसिएटचा रकाना वाचला, कोण कोण आलं ते बघायला. दोन नावं ओळखीची होती. दोघांनाही बाटली धड भरता येत नव्हती, हे त्याला माहीत होतं. आपल्यालाही येत नाही, हेही माहीत होतं.

मंडळाने कळवलं आहे की दुरुस्त्या केव्हाही घेतल्या जातील, पुढच्या यादीत दिवस वाढवून छापू. लताने कोरे फॉर्म आणून दिले आहेत. साठ दिवस नलिनीच्या नावावर आहेत. नाहूरचे चार दिवस अजून गुणाजीच्या नावावर आहेत, आणि ते कागद त्याने अजून लिहिलेले नाहीत.